पेसमेकरची वायर आणि काशीयात्रा

वाराणसीच्या लंका चौकातून बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वाराने आत शिरले की थोड्याच अंतरावर सर सुंदरलाल रुग्णालय लागते. गाझीपूर, बलिया, मिर्झापूर, सोनभद्र आणि बिहारच्या हद्दीतील बक्सर-सासारामपासून रुग्ण येथे येतात. त्यांत एक प्रकार हमखास असतो. सत्तरीचे आजोबा किंवा आजी. शेतात, न्हाणीघरात किंवा देवळाच्या पायरीवर एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलेले. नाडी पाहावी तर मिनिटाला तीस-पस्तीस. डॉक्टर सांगतात, “पेसमेकर बसवावा लागेल.”

पेसमेकर बसवून घ्यायला काशीला येणारे हे झाले एक. दुसरे म्हणजे पेसमेकर छातीत घेऊनच काशीला येणारे. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून यात्रा कंपन्यांबरोबर येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींत असे कोणी ना कोणी असतेच. दशाश्वमेधाच्या पायऱ्या उतरायच्या, नावेत चढायचे, गंगेत बुडी मारायची, ओंजळ उंच धरून सूर्याला अर्घ्य द्यायचे. यातले काय चालेल आणि काय चालणार नाही, हे घरात कोणालाच नक्की ठाऊक नसते. मग एक तर सगळेच बंद केले जाते, नाही तर “काही होत नाही हो!” म्हणून सगळेच केले जाते.

पेसमेकर बसवायचे ठरले की नातेवाइकांचे प्रश्नही ठरलेले असतात. कोणत्या कंपनीचा? बॅटरी किती वर्षे चालेल? खर्च किती? या तिन्ही प्रश्नांचा रोख असतो तो धातूच्या त्या चपट्या डबीवर. तिला हृदयाशी जोडणाऱ्या वायरीविषयी सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पेसमेकर बसवताना आणि बसवल्यानंतर ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या वायरीच्याच असतात. डॉक्टर तिला ‘लीड’ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘हार्ट ब्लॉक’ म्हणजे रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीचा अडथळा नव्हे. हृदयाचे ठोके पाडणारा विजेचा सूक्ष्म संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचत नाही, तो हार्ट ब्लॉक. रक्तवाहिनीतला अडथळा अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने दूर करतात. संदेशाचा अडथळा दूर करण्याचे खात्रीचे औषध नाही, म्हणून बाहेरून संदेश पुरवावा लागतो. डबी संदेश तयार करते आणि वायर तो पोहोचवते. वायर जागची हलली, तर डबी कितीही महागाची असली तरी ठोका पडत नाही.

वायर आत जाते कशी?

बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत. डाव्या कॉलरबोनच्या खाली तेवढाच भाग बधिर करून दोन इंचांची चीर देतात. तेथून जाणाऱ्या शिरेतून वायर आत सरकवली जाते. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाहत ती मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, तेथून झडपेतून खालच्या कप्प्यात उतरवतात. तिची लांबी साधारण अर्धा मीटर असते आणि जाडी सुमारे दोन मिलिमीटर. टोकाशी एक तर बारीक काटे असतात, ते हृदयाच्या आतल्या जाळीदार स्नायूत अडकतात, किंवा छोटा स्क्रू असतो, तो स्नायूत फिरवून बसवतात. मग किती कमी विजेवर ठोका पडतो ते मोजायचे, दुसरे टोक डबीला जोडायचे, डबी कातडीखालच्या खिशात ठेवायची आणि टाके घालायचे. तासाभराचे काम. रुग्ण बहुधा बोलत असतो.

ऐकायला सोपे वाटते. पण ही वायर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वाकते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख वेळा, वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा. शिवाय खांदा हलला की ती ओढली जाते. घरातल्या इस्त्रीची वायर दोन-तीन वर्षांत मुळाशी तुटते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वायरीचे कौतुक वाटेल.

इतिहासही हेच सांगतो. शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाला बसवण्यात आला. शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांची, यंत्र रूने एल्मक्विस्ट यांचे. त्यासाठी छाती उघडून वायरी हृदयाच्या बाहेरून शिवाव्या लागल्या होत्या. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले! लार्सन मात्र एकामागून एक २६ यंत्रे वापरून २००१ सालापर्यंत, म्हणजे ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले. यंत्र बनवणारे आणि बसवणारे हे दोघेही त्यांच्याआधी गेले.

छाती न उघडता शिरेतून वायर घालण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या सेमूर फर्मन यांची, तीही १९५८ सालचीच. त्यांच्या एका वृद्ध रुग्णाच्या हृदयातली वायर बाहेर ढकलगाडीवर ठेवलेल्या यंत्राला जोडलेली होती आणि यंत्र भिंतीतल्या विजेवर चालत होते. लांबच लांब वायर ओढत ते गृहस्थ रुग्णालयात फेऱ्या मारीत. असे ते ९६ दिवस राहिले. आज जगभर वापरली जाणारी पद्धत मुळात तीच आहे. बदल झाला तो डबीचा आकार आणि वायरीचे साहित्य यांत.

पहिल्या काही दिवसांतले धोके

डेन्मार्कमध्ये मे २०१० ते एप्रिल २०११ या वर्षात ज्यांना अशी उपकरणे बसवली, त्या ५,९१८ रुग्णांची सहा महिने नोंद ठेवण्यात आली. लहानमोठा कोणता तरी त्रास झालेले ९.५ टक्के निघाले. त्यातला गंभीर भाग हजाराच्या हिशेबाने पाहू. हजारात सुमारे २४ जणांची वायर पुन्हा हात घालून नीट करावी लागली. ९ जणांच्या फुफ्फुसाभोवती हवा शिरली आणि ती नळी घालून काढावी लागली. ८ जणांना जंतुसंसर्ग झाला आणि ६ जणांच्या हृदयाला वायरीने भोक पडले. डेन्मार्कचे आकडे भारताला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण कोणता त्रास होऊ शकतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

फुफ्फुसाभोवती हवा का शिरते? कॉलरबोनखालची शीर आणि फुफ्फुसाचे टोक अगदी शेजारी असतात. शीर शोधणारी सुई जरा खोल गेली की फुफ्फुसाला टोचते. हवा थोडी असेल तर आपोआप जिरते, जास्त असेल तर छातीत नळी घालावी लागते. म्हणूनच अनेक डॉक्टर खांद्याकडची वरवरची शीर उघडी करून तिच्यातून वायर घालणे पसंत करतात, किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून सुई घालतात.

हृदयाला भोक पडणे हा शब्दच घाबरवणारा आहे. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, वृद्ध बारीक स्त्रियांत तर फारच. टोकाचा स्क्रू तिच्या पलीकडे गेला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू लागते आणि हृदयाला फुलायला जागा उरत नाही. श्वास घेताना छातीत टोचणे, धाप लागणे, घाम येऊन रक्तदाब उतरणे ही त्याची लक्षणे. कधी लक्षण अगदीच विचित्र असते. वायरीच्या टोकाची वीज छाती-पोटामधल्या पडद्याला लागते आणि रुग्णाला ठोक्याच्या तालावर उचक्या लागतात, नाही तर पोट थडथड उडते. “पित्त झाले असेल,” म्हणून घरी सोडा पाजत बसू नये. वेळीच कळले तर साचलेले रक्त सुईने काढून, वायरीची जागा बदलून रुग्ण बरा होतो. हे सहसा पहिल्या एक-दोन दिवसांत होते, पण क्वचित आठवड्यांनंतरही होऊ शकते.

त्यामानाने वायर सरकणे अधिक वेळा घडते. स्नायूने टोक घट्ट धरून ठेवायला काही आठवडे लागतात. तोवर जोराचा हिसका बसला तर वायर सुटू शकते. ओळखायचे कसे? जुना त्रासच परत येतो. तीच चक्कर, तीच अंधारी, नाडी पुन्हा चाळिसाच्या आत. बलिया किंवा सासारामचा रुग्ण चौथ्या दिवशी गाडीने घरी जातो आणि आठव्या दिवशी त्याला चक्कर येते, तेव्हा घरचे म्हणतात, “पेसमेकर बसवलाय ना, मग अशक्तपणा असेल.” गावातला डॉक्टर सलाईन लावतो. त्या वेळी नुसती मनगटावर बोटे ठेवून एक मिनिट ठोके मोजले असते तरी उलगडा झाला असता. घरातल्या एकाने तरी नाडी मोजायला शिकून घ्यावे. पेसमेकरवर जो किमान वेग ठरवून दिलेला असतो, तो डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावा. नाडी सतत त्याच्या खाली असेल तर दिवस न घालवता ईसीजी काढून घ्यावा.

डेन्मार्कच्या त्याच पाहणीत आणखी काही गोष्टी दिसल्या. त्रास स्त्रियांत, वजनाने कमी असलेल्यांत, अवेळी घाईने केलेल्या शस्त्रक्रियांत आणि वर्षाला पन्नासपेक्षा कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांत अधिक होता. आपल्याकडे डॉक्टरांना “आपण वर्षाला किती पेसमेकर बसवता?” असे विचारायचा संकोच वाटतो. विचारावे. चांगला डॉक्टर रागावत नाही. खर्चामुळे लहान ठिकाणी जायची वेळ येऊ नये म्हणून आयुष्मान भारत योजनेत आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकरचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात तो मिळतो याची चौकशी आधीच करून ठेवावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय? ऑपरेशन म्हटले की त्या परस्पर बंद करायच्या, अशी घरोघरी समजूत असते. कॅनडात ६८१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. वॉरफॅरिन बंद करून हेपॅरिनची इंजेक्शने दिलेल्यांपैकी १६ टक्के रुग्णांच्या डबीभोवती रक्त साकळले, तर गोळी चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होते. तेव्हा गोळी थांबवायची की चालू ठेवायची, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. आणि जखमेवर टेंगूळ आले म्हणून कोणालाही सुईने रक्त काढू देऊ नये. त्या सुईबरोबर जंतू आत जातात.

हात बांधून ठेवायचा का?

पहिले सहा आठवडे त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये, पाच किलोहून जड उचलू नये, मागे हात नेऊन टेकू नये, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. वरच्या फळीवरचा डबा काढणे, दोरीवर चादर वाळत घालणे, विहिरीचा रहाट ओढणे हे या काळात दुसऱ्याने करावे. पण याचा अर्थ हात झोळीत बांधून ठेवावा असा नाही. भीतीपोटी दोन-दोन महिने हात छातीशी आवळून बसलेल्यांचा खांदा आखडतो आणि मग साधे पोलके घालताही येत नाही. कोपर, मनगट रोज हलवावे, खांदाही खांद्याच्या पातळीपर्यंत हलू द्यावा. सहा आठवड्यांनी हळूहळू सगळे सुरू करावे.

काहींना एक वेगळीच खोड लागते. कातडीखालची डबी बोटांना लागते, मग बसल्या बसल्या ती फिरवत राहायचे, जणू जपमाळेचा मणी! डबी फिरली की वायर तिच्याभोवती गुंडाळली जाते, आखूड होते आणि अखेर हृदयातून बाहेर ओढली जाते. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९६८ साली याचे पहिल्यांदा वर्णन केले. तेव्हापासून त्याला ‘ट्विडलर्स सिंड्रोम’ म्हणतात. यात दुखत काहीच नाही, म्हणून रुग्णाला आपण काही करीत आहोत याची कल्पनाच नसते. आजीचा हात सारखा तिथे जातोय असे दिसले तर घरच्यांनी टोकावे.

जखम आणि गंगास्नान

आता काशीचा प्रश्न. पेसमेकर बसवून वर्ष झाले आहे, जखम पूर्ण भरली आहे, तपासणी ठीक आहे, अशा व्यक्तीने गंगेत स्नान करायला, ओंजळ वर करून अर्घ्य द्यायला हृदयाच्या दृष्टीने हरकत नाही. प्रश्न असतो तो ताज्या जखमेचा. विशेषतः शस्त्रक्रिया वाराणसीतच झाली असेल, तर “आता आलोच आहोत तर गंगास्नान करून जाऊ” असे म्हणण्याचा मोह फार होतो.

स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे विष्ठेतले जंतू पाचशेच्या आत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत अडीच हजारांपेक्षा जास्त नसावेत, असा आपल्याकडचा निकष आहे. वाराणसीच्या घाटांवर ही मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडली गेल्याच्या नोंदी आहेत. या नोंदी गंगेवर अश्रद्धा असणाऱ्यांनी केलेल्या नव्हेत. संकटमोचन मंदिराचे महंत आणि विद्यापीठात जलविज्ञान शिकवणारे अभियंते प्रा. वीरभद्र मिश्र यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या संकटमोचन फाउंडेशनने तुळशी घाटावर प्रयोगशाळा उभारून हे पाणी तपासत ठेवले. ते स्वतः गंगेत स्नान करीत आणि त्याच पाण्याचे आकडेही जगासमोर मांडीत. २०१३ साली ते गेले.

टाके ओले असताना असे पाणी जखमेत जाणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. जखम डॉक्टरांनी पाहून “भरली” म्हणेपर्यंत बुडी नको. पाणी डोक्यावर शिंपडून घेणेही परंपरेला मान्य आहे. घरी परतल्यावर भेटायला येणाऱ्यांनी आणलेले तीर्थ, हळद, खोबरेल, अंगारा यांतले काहीही जखमेवर लावू नये.

एवढा आग्रह कशासाठी? कारण येथला संसर्ग कातडीपुरता राहत नाही. जंतू डबीवरून वायरीवर आणि वायरीवरून थेट हृदयात जातात. प्लास्टिक आणि धातूवर त्यांचा जो थर बसतो, त्यापर्यंत अँटिबायोटिक पुरेसे पोहोचत नाही. डबीवरची कातडी लाल, गरम किंवा तुकतुकीत पातळ होणे, डबी कातडीला चिकटल्यासारखी वाटणे, एखादा थेंब पाणी किंवा पू येणे, यांपैकी काहीही दिसले तर जेथे पेसमेकर बसवला तेथेच दाखवावे. जवळच्या दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या की वरचे लाल जाते आणि आतले तसेच राहते.

याहून फसवा असतो ताप. जखम वरून स्वच्छ, पण अधूनमधून थंडी वाजून ताप येतो, भूक जाते, वजन घटते. टायफॉइड झाला, मलेरिया झाला, क्षयाची शंका झाली. महिना उलटतो आणि डॉक्टरांना कोणी सांगतच नाही की छातीत पेसमेकर आहे. तो बसवून दोन वर्षे झाली, त्याचा याच्याशी काय संबंध, असे घरच्यांना वाटते. संबंध असू शकतो. अशा तापात अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करावे लागते. एकदा गोळ्या पोटात गेल्या की जंतू सापडणे अवघड होते.

जुनी वायर

संसर्ग वायरीपर्यंत गेला की डबी आणि वायर दोन्ही काढावी लागतात. डबी काढणे सोपे. वायर मात्र वर्ष-दोन वर्षांत शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला ठिकठिकाणी चिकटलेली असते, तिच्यावर तंतूंचे वेष्टण चढलेले असते. पूर्वी तिच्या बाहेरच्या टोकाला कप्पीवरून वजन टांगून रुग्णाला दिवसेंदिवस खाटेवर ठेवीत. जोरात ओढावे तर शीर किंवा हृदय फाटायचे. १९९० च्या दशकात लेसरच्या नळ्या आल्या. त्या वायरीवरून सरकवत चिकटलेला भाग मोकळा करीत जातात. आजही हे काम तयारीच्या केंद्रातच, हृदयशल्यविशारद हाताशी असतानाच केले जाते.

१९९४ साली टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘अॅक्युफिक्स’ नावाच्या वायरीत दोष आढळला. तिचा ‘जे’ आकार टिकवणारी आतली तार तुटून बाहेर येई आणि हृदयाला टोचे. जगभर हजारो लोकांत ती बसलेली होती. साहजिकच रुग्णांनी ती काढून टाकण्याचा आग्रह धरला. पुढे अनेक केंद्रांची माहिती एकत्र करून १९९९ साली जो निष्कर्ष निघाला तो डोळे उघडणारा होता. बहुतेकांच्या बाबतीत ती तार आत ठेवण्यापेक्षा उपटून काढण्याचाच धोका मोठा होता. २००७ साली झटका देणाऱ्या यंत्राच्या ‘स्प्रिंट फिडेलिस’ या वायरीची विक्री थांबली, तेव्हा सुमारे २ लाख ६८ हजार वायरी लोकांच्या हृदयांत होत्या. त्या वेळीही सरसकट काढा असे कोणी सांगितले नाही.

म्हणून वायर खराब झाली, पण संसर्ग नाही, असे असेल तर पुष्कळदा जुनी तशीच ठेवून शेजारून नवी घालतात. “जुनी आत विसरले!” असा गैरसमज करून घेऊ नये. मात्र सोडून दिलेल्या वायरीची नोंद कार्डावर हवी. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर डबी ‘एमआरआय चालेल’ अशी असून भागत नाही, वायरही तशीच असावी लागते, आणि बेवारस टोक असेल तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. रुग्णालयातून मिळणाऱ्या ओळखपत्रावर डबीचा आणि प्रत्येक वायरीचा मॉडेल क्रमांक लिहिलेला असतो. ते कार्ड कपाटात दागिन्यांबरोबर ठेवण्याची वस्तू नाही. यात्रेला जाताना ते खिशात हवे आणि त्याची झेरॉक्स सोबतच्या माणसाकडे. २०२१ साली झालेल्या काशी विश्वनाथ धामातील सुरक्षा तपासणीतही ते उपयोगी पडते. दारासारख्या यंत्रातून न रेंगाळता चालत जावे. हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू नये, एवढे शिपायाला सांगावे.

बिनवायरीचा पेसमेकरही आता निघाला आहे. औषधाच्या कॅप्सूलपेक्षा थोडा मोठा. मांडीच्या शिरेतून नेऊन थेट हृदयाच्या खालच्या कप्प्यात बसवतात. अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली, भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतही तो बसवला जातो. खिसा नाही, वायर नाही, त्यामुळे तिथला संसर्गही नाही. पण बसवताना हृदयाला भोक पडण्याचा धोका यातही आहे, आणि किंमत सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

मणिकर्णिकेवर

काशीला शेवटचे दिवस घालवायला येणारेही असतात. मुक्तिभवनासारख्या ठिकाणी मुक्काम करून वाट पाहणारे. अशा घरांनी एक गोष्ट आधीच ठाऊक करून घ्यावी. दहनापूर्वी पेसमेकरची डबी काढावी लागते. आतली बॅटरी बंदिस्त असते. ती तापली की फुटते. दाहिनीत असा स्फोट झाल्याची पहिली नोंद इंग्लंडमध्ये १९७६ सालची आहे. हरिश्चंद्र घाटावर १९८९ साली विद्युतदाहिनी सुरू झाली, तरी काशीत बहुतेकांचे दहन लाकडाच्या चितेवरच होते आणि तेथे घरची माणसे चितेच्या अगदी जवळ उभी असतात. मृत्यू रुग्णालयात झाला तर देह ताब्यात घेण्यापूर्वीच तेथील डॉक्टरांना सांगावे. घरी झाला तर डॉक्टरांना बोलवावे. घाटावर गेल्यावर हे काम कोणी करून देईल अशी अपेक्षा नको. यंत्र झटका देणारे असेल तर आधी ते बंद करावे लागते, नाही तर कापणाऱ्याच्या हाताला झटका बसतो. छोटी चीर, डबी बाहेर, दोन टाके. काही मिनिटांचे काम आहे. वायर मात्र बाहेर ओढत नाहीत. ती डबीजवळ कापतात आणि उरलेली देहाबरोबर जाते.

त्या डबीचे पुढे काय? अमेरिकेत शिकागो परिसरातल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांकडून, कुटुंबीयांच्या संमतीने, असे १२१ पेसमेकर गोळा करण्यात आले होते. तपासणीत त्यांतले ५३ चांगल्या बॅटरीचे निघाले. ते निर्जंतुक करून मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवण्यात आले. त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांत रिक्षा चालवणारे होते, अंगमेहनतीची कामे करणारे होते आणि पुष्कळशा गृहिणी होत्या. पाठपुराव्यात कोणालाही संसर्ग झालेला आढळला नाही, एकही डबी बंद पडली नाही. डबी दुसऱ्याची चालली. वायर मात्र प्रत्येकाला नवी घालण्यात आली.